कुत्र्याच्या दुखण्यावर लेझर उपचार

म्हातारा कुत्रा सकाळी कण्हत उठतो, जिना चढायचं टाळतो, कंबरेला हात लावला की गुरगुरतो. हे नुसतं वय नव्हे. बहुतेक वेळा तो सांधेदुखीने बेजार असतो. अशा दुखण्यावर औषधांच्या जोडीला आता लेझर उपचारही दिले जातात.

१९६७ साली बुडापेस्टमध्ये डॉक्टर एंड्रे मेस्टर उंदरांवर सौम्य लेझरचे प्रयोग करत होते. भादरलेले केस लवकर वाढतात, असं त्यांना दिसलं आणि या उपचाराची वाट खुली झाली. तांबडा व अवरक्त प्रकाश त्वचेतून आत जातो, पेशींतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकाँड्रिया, तो शोषतात. त्यामुळे पेशींना ऊर्जा मिळून सूज आणि वेदना कमी व्हायला मदत होते.

यासाठी भूल द्यावी लागत नाही. डॉक्टर यंत्राचं टोक दुखऱ्या सांध्यावरून हळूहळू फिरवतात. काळ्या, दाट केसांत प्रकाश अडतो आणि त्वचा तापू शकते, म्हणून मात्रा बेताने ठरवतात. कुत्र्याच्या आणि जवळच्या सगळ्यांच्या डोळ्यांना संरक्षण हवंच. कर्करोगाच्या गाठीवर किंवा गाभण कुत्रीच्या पोटावर हा प्रकाश टाकत नाहीत.

एका बैठकीत भागत नाही आणि प्रत्येक कुत्र्याला सारखाच गुण येतो असंही नाही. म्हणून आधी नीट निदान करून घ्या, वजन आटोक्यात ठेवा. आणि कृपा करून आपली आयबुप्रोफेनची वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. ती त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. दुखणं दिसलं, की थेट पशुवैद्यांकडे न्या.