धातूवर आधी कोण बसतं?



आपल्या नात्यागोत्यात कुणाच्या ना कुणाच्या पायात रॉड असतो, नाहीतर गुडघा बदललेला असतो. बहुतेकांना हा धातू वर्षानुवर्षं साथ देतो. पण काहींच्या बाबतीत त्यावर जंतू घर करतात आणि मग एकामागून एक शस्त्रक्रियांची फरफट सुरू होते.

अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याची फार नेमकी मांडणी केली. धातू शरीरात बसवला की त्याच्या पृष्ठभागासाठी शर्यत लागते. एकीकडे आपल्या हाडाच्या पेशी, दुसरीकडे जंतू. एसटीत ज्याचा रुमाल आधी पडला, त्याची जागा! जंतू आधी चिकटले तर ते स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. धातूत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथे पांढऱ्या पेशी कमी पडतात, आणि थराआडच्या जंतूंना अँटिबायोटिकही पुरतं मारू शकत नाही. शेवटी बऱ्याचदा धातूच काढावा लागतो.

म्हणून धातूलाच जंतुरोधक लेप द्यायचा. युरोपात नडगीच्या हाडात घालायच्या एका रॉडवर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा लेप असतो. पहिल्या दोन दिवसांतच बरंचसं औषध सुटतं, कारण धोका तेव्हाच मोठा असतो. जर्मनीत म्युन्स्टरच्या डॉक्टरांनी हाडाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी चांदीचा मुलामा दिलेले मोठे कृत्रिम सांधे वापरले. २०१० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले : साध्या टायटॅनियमच्या सांध्यांत संसर्ग १७.६ टक्के, चांदीच्या सांध्यांत ५.९ टक्के. रुग्ण मिळून सव्वाशेच होते, तरीही हा फरक मला फार मोलाचा वाटतो. हाडाच्या पोकळीत शिरणाऱ्या दांड्यावर मात्र त्यांनी चांदी चढवली नव्हती. तिथे हाडाने धातूला धरायचं असतं, आणि जंतूंना मारणारी चांदी प्रमाण वाढलं तर हाडाच्या पेशींनाही सोडत नाही. खरी अडचण हीच आहे. जंतूंना हाकला आणि हाडाला बसू द्या, ही दोन्ही कामं एकाच पृष्ठभागाने करायची.

माझं मत स्पष्ट आहे. असे लेप सरसकट सगळ्यांना नकोत. उघडं फ्रॅक्चर, कॅन्सर, आधी संसर्ग झालेला सांधा, अशा जोखमीच्या रुग्णांना ते आधी मिळावेत. आणि लेप आहे म्हणून ऑपरेशन थिएटरच्या स्वच्छतेत तसूभरही ढिलाई नको.

तुमच्या घरी कुणाला धातू बसवला असेल आणि जखम पाझरू लागली, सांधा सुजून गरम झाला, तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून देऊ नका. त्याने नेमका जंतू ओळखणं अवघड होतं. आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना गाठा, आणि त्याच दिवशी गाठा.