टेकू

वैद्याच्या खोलीत रोगी येऊन बसला, की नाडीसाठी हात पुढे करण्याआधीच तो एक प्रश्न विचारतो : "हे बरं होईल ना?" या प्रश्नाला 'होईल' आणि 'होणार नाही' अशी दोनच उत्तरे असतात, असे आपण सगळे धरून चालतो. आमच्या जुन्या ग्रंथकारांनी मात्र चार केली. सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कष्टसाध्य आणि हाताबाहेर गेलेला तो असाध्य. उरलेल्या चौथ्याचे नाव याप्य. तो मुळापासून जात नाही, पण पथ्य आणि उपचार चालू असेतोवर माणसाला उभे ठेवता येते. सुश्रुताने त्याला घराचा दृष्टांत दिला आहे. घर पडायला आलेले आहे, पण योग्य जागी नीट टेकू लावला आहे. टेकू आहे तोवर घर उभे आहे.

आज मला ज्या दुखण्याविषयी तुमच्याशी बोलायचं आहे, ते या चौथ्या प्रकारातलं. त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नाव लांबलचक आहे, म्हणून घरोघर त्याला 'एम. एस.' म्हणतात. आपल्या घरातल्या विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टन असते, तसे मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. या रोगात शरीराची स्वतःची संरक्षक फौज त्या आवरणालाच शत्रू समजते आणि ते कुरतडते. वेष्टन गेले की संदेश अडखळतो. कुठे अडखळला त्यावर लक्षण ठरते. कुणाला एका डोळ्याने धूसर दिसू लागते, कुणाचा पाय जड होतो, कुणाला कमरेपासून खाली मुंग्या, कुणाला लघवी आवरत नाही. काही आठवडे त्रास होतो, मग बरे वाटते, आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा झटका येतो. तरुण वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना हा रोग जास्त होतो. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने १८६८ साली त्याचे नीट वर्णन केले. आपल्याकडे हा रोग नाहीच, असे पुष्कळ दिवस समजत. मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली पारशी समाजाची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा तो समज बराच ढळला.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे गीयाँ-बारेची साथ आली होती. त्यानंतर हातापायाला मुंग्या आलेला प्रत्येक जण घाबरून येऊ लागला, म्हणून सांगतो : तो रोग वेगळा. तो एकदम येतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांत ओसरतो. एम. एस. घरात राहायला येतो.

माझा दवाखाना नेरूळला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. (ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील मी बदलले आहेत.) वय बत्तीस. सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, लिफ्ट नाही. यजमान तुर्भ्याच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर, म्हणजे घर पहाटे तीनला जागे. बाईंचा डावा डोळा तीन वर्षांपूर्वी महिनाभर अंधुक झाला होता, मग सुधारला. आता पाय ओढत होता. एमआरआय झाला होता, निदान झाले होते, न्यूरॉलॉजिस्टने इंजेक्शने सुरू केली होती. त्या म्हणाल्या, "वैद्यबुवा, इंजेक्शन चालूच आहे. पण बाकीचा दिवस कसा काढू, ते कुणी सांगत नाही."

हा प्रश्न नेमका आमच्या शास्त्राचा होता आणि मी तो नीट ऐकला नाही. मला पाय ओढणे दिसले, वात दिसला. वातव्याधीला स्नेहन आणि स्वेदन. म्हणजे तेल आणि शेक. पाठ्यपुस्तकात बरोबर बसते. महिना मे होता. मी बाईंना तेल लावून वाफेच्या पेटीत बसवले. आठ-दहा मिनिटांत त्या म्हणाल्या, "मला दिसत नाहीये." बाहेर काढले तर दोन्ही पायांत उभे राहण्याचे बळ नाही. पंख्याखाली निजवले, ओल्या पंचाने अंग पुसले. तासाभराने दृष्टी परत आली, पायही आले. त्या तासात सासूबाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती मी विसरलेलो नाही.

झाले होते ते असे. उघडी पडलेली तार तापली की आणखीच अडखळते. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी कित्येकांना हा त्रास होतो, आणि शरीर निवले की तो जातो. ऊटहोफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली हे टिपून ठेवले होते. एमआरआय नव्हता त्या काळात तर डॉक्टर संशयित रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करीत. पाय लटपटले की रोग हाच. मी वेगळे काय केले? तीच परीक्षा, उपचार समजून.

आता तुम्ही म्हणाल, वैद्याला जर्मन डॉक्टर कुठून ठाऊक असणार? पण त्या रात्री मी चरकसंहिता उघडली. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात स्वेद कोणाला देऊ नये याची यादी आहे. त्यात दुर्बल आहे, ओज क्षीण झालेला आहे, आणि ज्याची दृष्टी अंधारते तो तैमिरिकही आहे. चरकाचा 'तिमिर' आणि आजचा दृष्टितंतूचा दाह एकच, असे मी म्हणत नाही. पण यादी डोळ्यासमोर असती तर मी दहा वेळा विचार केला असता. परीक्षेसाठी ती मी पाठ केली होती, एवढेच.

तेव्हापासून असे रोगी आले की मी आधी काय करायचे नाही ते सांगतो.

पहिली गोष्ट शेकाची. गरम पाण्याची पिशवी, वाफ, कढत पाण्याची आंघोळ नको. ज्या पायाला स्पर्श नीट कळत नाही, त्याला पिशवीने फोड आलेला रात्रभर कळत नाही, हे वेगळेच.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. घरात आजार कळला की मामा, काका, शेजारी सगळे एकच सांगतात : "प्रतिकारशक्ती वाढवा." गुळवेलीचा काढा येतो, अश्वगंधा येते, डब्यावर मोठ्या अक्षरांत तेच लिहिलेले चूर्ण येते. पण जरा थांबून पाहा. या रोगात फौज अशक्त नाही. ती चुकीच्या दारावर चालून गेली आहे. तिला खुराक चारून काय साधणार? करोनाच्या काळात गुळवेल घराघरांत उकळत होती. २०२० सालच्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रोगी आढळले. सगळे गुळवेल घेणारे, आणि ती इजा शरीराच्या फौजेने यकृतावरच हल्ला केल्यासारखी दिसत होती. २०२१ साली त्यांनी ही हकीकत छापली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती वेल खरी गुळवेलच होती हे सिद्ध झालेले नाही. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण माझ्यापुढे बसलेल्या रोग्याला त्याचा उपयोग काय? बाजारात तो जी घेणार, ती खरी की खोटी, हे त्यालाही कळत नाही. गुळवेलीला मी वाईट म्हणत नाही. जुन्या तापात मी ती वापरतो. एम. एस. असलेल्याने न विचारता घेऊ नये, एवढे म्हणतो.

तिसरी गोष्ट पुडीतल्या भस्मांची. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदीय औषधे तपासली, तर १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडला. शिसे स्वतःच मज्जातंतू बिघडवते. म्हणून ज्या पुडीवर बनवणाऱ्याचे नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, ती 'हमखास गुण' म्हणून कुणी कितीही प्रेमाने दिली तरी घरात ठेवू नका.

मग आयुर्वेदाकडे उरले काय? खरे सांगायचे तर या रोगाचा झटका थांबवणारे एकही आयुर्वेदीय औषध आजवर मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. झटके कमी करणारी इंजेक्शने आणि गोळ्या आधुनिक वैद्यकाकडे आहेत. पहिले इंटरफेरॉन अमेरिकेत १९९३ साली मंजूर झाले, त्यानंतर औषधे वाढत गेली. तो मोठा टेकू. तो आपण काढायचा नाही. आपल्याकडे आहे ती दिनचर्या, आणि बाईंनी तीच मागितली होती.

तर दिनचर्येकडे येऊ. तिळाचे तेल कोमट करावे, कढत नव्हे, आणि आंघोळीपूर्वी हलक्या हाताने पायांना, पाठीला लावावे. पायाच्या पोटऱ्या रात्री ताठतात, त्यांना याने मोकळे वाटते. रोग जातो असे नाही. तेल लावणारा हात घरच्या माणसाचा असला तर बरे. एक धोका कुठल्या ग्रंथात नाही : तेलाचे पाय आणि मोरीतली गुळगुळीत फरशी. पायपुसणे टाका, स्टुलावर बसून आंघोळ करा, भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या.

पोट साफ राहणे ही वैद्याची जुनी कटकट, पण इथे ती सार्थ आहे. या रोगात मलावरोध फार. मुगाची खिचडी, वर चमचाभर तूप, शिजवलेल्या भाज्या, रात्री इसबगोल. आणि पाणी. पाण्याची गंमत अशी, की बायका ते मुद्दाम पीत नाहीत. वाशीहून सीएसएमटीला जाईतो पाऊण तास सहज जातो, लोकलला मोरी नाही आणि लघवी तर आवरत नाही. मग सकाळपासून कोरडे राहायचे. त्याने लघवीचा दाह होतो, ताप येतो, आणि तापाने जुनी सगळी लक्षणे पुन्हा वर येतात. घर घाबरते, की नवा झटका आला. पुष्कळदा झटका नसतोच, लघवी तपासली की कारण सापडते. म्हणून पाणी तोडू नका. प्रवासाच्या आधीचा एक तास सोडून बाकी दिवसभर पीत राहा. ताप नसताना नवे लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकले, तर मात्र माझ्याकडे येऊ नका. सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

खाण्यापिण्याचे फार स्तोम माजवू नये. हे गाव मूळचे आगरी-कोळ्यांचे. त्यांच्या घरात मासे बंद करा म्हणणारा वैद्य मला तरी समजत नाही. विडी-सिगारेट मात्र बंद. तिने हा रोग वाढतो, हे आता पक्के आहे. सकाळचे ऊन घ्यावे आणि 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

झोपेविषयी थोडे जास्त बोलतो. रात्रीच्या जागरणाने वात वाढतो, हे आजीलाही ठाऊक असते. आमच्याकडे ऐरोली-महाप्याच्या कचेऱ्यांत रात्रपाळी आणि तुर्भ्याच्या बाजारात पहाटपाळी. या रोगातला थकवा आळसाचा नसतो. सकाळी उठतानाच अंगातले पाणी गेल्यासारखे होते. घरच्यांना तो दिसत नाही, म्हणून भांडणे होतात. शिक्षिकाबाईंच्या घरी आम्ही एवढेच केले, की पहाटेचा चहा आणि डबा यजमानांनी स्वतः करायचा ठरवले. सासूबाईंना ते आवडले नाही. "बायको निजलेली आणि पुरुष चुलीशी?" दोन महिने धुसफूस चालली. मग त्या स्वतःच तीनला उठू लागल्या.

उन्हाचे सांगायला हवे. पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या या पट्टीत मे महिन्यात घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. अशा दिवसांत दहा ते पाच बाहेर पडू नये. माठात वाळा, मानेवर ओला पंचा, सुती सैल कपडे. व्यायाम सोडायचा नाही, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करायचा, आणि दमण्याआधी थांबायचे. अर्ध्या शक्तीचा व्यायाम, असे आमचे शास्त्र म्हणते. या रोग्याइतका तो नियम दुसऱ्या कुणाला लागू नसेल.

दुसऱ्या वर्षी बाईंचे दीर एका गावचा पत्ता घेऊन आले. तिथे तीन महिन्यांत मुळासकट बरे करतात, अट एकच, इंजेक्शने बंद. सासूबाईंचे मन तिकडे ओढले. त्या मला म्हणाल्या, "तुम्हीही वैद्यच. ते बरं करतो म्हणतात, तुम्ही का म्हणत नाही?" मी त्यांना टेकूची गोष्ट सांगितली. त्या गावाकडच्या, पावसाळ्याआधी भिंतीला वासा लावणे त्यांनी लहानपणी पाहिले होते. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "भिंत सरळ दिसली म्हणून वासा काढला, तर ऐन श्रावणात पडते." इंजेक्शने चालू राहिली.

सगळे ठीक झाले, असे समजू नका. मधे एक झटका आला, डावा पाय पूर्वीपेक्षा कमजोर राहिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा रोग नावाने घातला आहे, त्याचा दाखला त्यांनी काढला. शाळेने वर्ग तळमजल्यावर दिला. घर तिसऱ्या मजल्यावरच आहे. तळमजल्याचे भाडे परवडत नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर आता एक प्लास्टिकची खुर्ची आहे. बाई तिथे पाच मिनिटे बसतात, मग पुढचा मजला चढतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आपल्या दारासमोरच्या खुर्चीवर उशी शिवून घातली आहे, आणि उन्हाळ्यात त्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिथे पाण्याचा तांब्या भरून ठेवतात.