सांधा उघडून पाहू या

(शाळेच्या हीरक महोत्सवी स्नेहसंमेलनात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बंगळुरात मराठी माणसाने विमानाविषयी बोलावे, यात नवल नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये या नगरीत हिंदुस्थान एअरक्राफ्टचा पाया घातला. कोल्हापूरच्या मातीतून आलेले आणि जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे त्याच वर्षी येथे रुजू झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले. या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगाव्यात. आज मात्र मला एका अपुऱ्या विमानाविषयी बोलायचे आहे.

घरी विमान बांधणारे हौशी लोक जगभर आहेत. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१७ मध्ये त्याला सरकारी नोंदणीही मिळाली. ते धातूचे. परदेशांत मात्र लाकडी विमाने बांधणारे पुष्कळ आहेत. १९४८ मध्ये उडालेले फ्रान्सचे जोडेल डी-९ हे अशा हौशी कारागिरांचे आवडते विमान. हे काम वर्षानुवर्षे चालते. मध्येच पैसा संपतो, प्रकृती साथ देत नाही, आणि अर्धे पंख भिंतीला टेकून राहतात. पुढे कोणी तरी ते अपुरे काम विकत घेतो. त्याने आरंभी काय करावे याचा जो शिरस्ता आहे, तो मला शिक्षिका म्हणून फार मोलाचा वाटतो.

तो प्रथम हत्यार उचलत नाही; कागद पाहतो. आराखडे, आधीच्या कारागिराची नोंदवही, लाकूड कोणते, सरस कोणता. मग लाकडाचा तंतू सरळ आहे की तिरपा, हे न्याहाळतो. तंतूला आडवी गेलेली केसासारखी बारीक रेघ दिसली, तर तेथे लाकूड आतून दबून तुटलेले असते. बोल्टाच्या छिद्राभोवती काळा डाग दिसला, की ओल आणि गंज यांचा संशय येतो. बोटाने ठोकून आवाज ऐकतो. जेथे तो बद्द येतो, तेथे थांबतो. चांगला कारागीर प्रत्येक वेळी सरस लावताना त्याच लाकडाचा एक नमुना जोडून ठेवतो आणि पुढे तो मोडून पाहतो. मोडताना लाकूड फाटले, तर सांधा पक्का. सांध्यातूनच दोन तुकडे स्वच्छ सुटले, तर तो सांधा दिसायला कितीही सुबक असो, निकामी.

दुरुस्तीचेही नियम आहेत. जुन्या सरसावर नवा सरस धरत नाही. निरोगी लाकूड लागेपर्यंत तासावे लागते. पंखाच्या तुळईला नवा तुकडा जोडताना सांधा आखूड चालत नाही, जाडीच्या सुमारे बारा पट लांब, तिरकस उतरता घ्यावा लागतो. आणि तुळईला आतून रंग फासत नाहीत, पारदर्शक वार्निश देतात. कारण उद्या तडा गेला, तर तो दिसला पाहिजे.

सांध्याकडे न पाहता हवेला दोष दिला, तर काय होते? दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ हे विमान लाकडी होते. १९४४ च्या अखेरीस भारतात या विमानांचे पंख निखळून अपघात झाले आणि उड्डाणे थांबवावी लागली. येथील उष्मा आणि पावसाळी दमट हवा यांकडे बोट दाखवले गेले. पुढील तपासात मात्र, ज्यांनी मान्सून कधी पाहिलाच नव्हता, अशा विमानांतही तसेच दोष आढळले. उणीव मुळात जोडणीच्या कामात होती.

शाळेत येणारे प्रत्येक मूल हे कोणा दुसऱ्याच्या हातून काही अंशी घडलेले असते. वडिलांची बदली होते; कोणी सहावीत बेळगावहून येते, कोणी आठवीत पुण्याहून. बोलणे अस्खलित, पण परिच्छेद वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते. अशा वेळी आपण सहज म्हणतो, “शहराची हवाच अशी; इंग्रजी, कन्नड, मोबाइल, मराठी टिकणार कशी?” हवेचा परिणाम मी नाकारत नाही. परंतु ज्या मुलाचा दुसरी-तिसरीतला वाचनाचा सांधा पक्का बसला आहे, ते याच हवेत तीन भाषा लीलया पेलताना मी पाहिले आहे. ज्याचा सांधा सुटला आहे, त्याला आठवीचे व्याकरण घोकून उपयोग नाही. निरोगी लाकडापर्यंत, म्हणजे अगदी बाराखडीपर्यंतही, मागे जावे लागते. यात त्या मुलाचा उपमर्द नाही. त्याच्यावर पुढे भार टाकता यावा, यासाठीच ही तपासणी.

हीरक महोत्सवाच्या निधीतून इमारतीला नवा रंग देण्याची सूचना आली आहे. रंग अवश्य द्यावा. साठ वर्षांच्या वास्तूचा तो मान आहे. पण त्याआधी, या वर्षी, प्रत्येक विद्यार्थ्याला एकेकटे बसवून त्याचे वाचन ऐकावे, नोंद ठेवावी आणि ती पालकांसमोर उघडी ठेवावी, असा माझा प्रस्ताव आहे. शिक्षकांचे हात त्यासाठी अपुरे पडतील. म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती, की देणगीसोबत आठवड्याचा एक तासही द्यावा. एका मुलाशेजारी बसून त्याचे वाचन ऐकावे, एवढेच काम.

आपल्या आधीच्यांनी हे काम कष्टाने येथवर आणून आपल्या हाती दिले. त्यावर विश्वास ठेवावा, आणि तरीही प्रत्येक सांधा ठोकून पाहावा. वारसा सांभाळण्याची याहून प्रामाणिक रीत मला ठाऊक नाही.