पडलेल्याची पाठ कोणी झाडावी?

(गांवच्या तालमीपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



गेल्या जत्रेंत आपल्या गांवचा एक पोरगा चीत झाला. त्याचें मला दुःख नाहीं. पडणें हा कुस्तीचाच भाग आहे. दुःख याचें कीं, त्याच्या पाठीवर माती असतांनाच आपण त्याची हुर्यो उडविली. त्या दिवसापासून तो तालमीची पायरी चढला नाहीं. म्हणून आज दुसऱ्या मुलखांतल्या कुस्तीगिरांची रीत सांगतों. तेहि आपल्यासारखेच कष्टकरी आहेत.

स्वित्झर्लंड हा युरोपांतला डोंगराळ देश. तिथल्या गवळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या कुस्तीस ‘श्विंगेन’ म्हणतात. आखाड्यांत माती नसते, लाकडाचा भुसा असतो. विजारीवर तागाची आखूड चड्डी घालतात व तीच धरून डाव टाकतात. निदान एका हाताची पकड चड्डीवर नसेल, तर पाठ लागली तरी जय मानीत नाहींत. दर तीन वर्षांनीं देशाचा मोठा मेळा भरतो. पहिल्या नंबराला रोख पैसा नाहीं, तर जातिवंत वळू देतात. आणि कुस्ती सुटली कीं जिंकलेला गडी हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा स्वतःच्या हातानें झाडतो. हजारों लोकांदेखत झाडतो!

मंगोलिया घोड्यामेंढ्यांवर जगणारा मुलूख. तेथें दरसाल जुलैंत ‘नादम’ नांवाची जत्रा भरते. राजधानींतल्या मैदानांत बहुधा ५१२ गडी उतरतात. वजनाचे गट नाहींत. हलक्याला भारी जोड येते. गुडघा किंवा कोपर भुईला लागला कीं हार. मग हरलेला जिंकलेल्याच्या हाताखालून जातो. लढत संपली, वैर उरलें नाहीं, असा त्याचा अर्थ.

तुर्कस्तानांत एदिर्ने शहरीं ‘किर्कपिनार’चें मैदान भरतें. पहिलवान अंगाला ऑलिव्हचें तेल चोपडतात. जोडीदाराच्या पाठीला हात पोंचत नसला, तर ज्याच्याशीं लढायचें तोच लावून देतो. चामड्याची विजार, ‘किस्पेत’, कसबी कारागीर हातानें शिवतात. त्या कारागिराच्या कसबावांचून तिथला पहिलवान मैदानांत उभा राहूं शकत नाहीं. १९७५ पूर्वीं वेळेची मर्यादा नव्हती. निकाल लागेपर्यंत झुंज चाले. नादम व किर्कपिनार या दोहोंना २०१० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

बाबांनो, एक हंगाम बुडाला म्हणून आपण नांगर मोडून चुलींत घालतों काय? मग एका कुस्तीवरून पोरगा कां मोडावा? हरणारा नसेल तर जिंकणारा लढेल कोणाशीं?

वस्तादांस माझी विनंति आहे. येत्या जत्रेपासून जिंकणाऱ्यानें आधीं जोडीदाराची पाठ झाडावी, मग नारळ घ्यावा.

आणखी एक सांगून बसतों. त्या दिवशीं ओरडणाऱ्यांत मीहि होतों. शाळेंत पोरांना शहाणपण शिकविणारा मी, तेथें विसरलों. आज दिवेलागणीस मी त्या पोराच्या घरीं जाणार आहें. माझ्याबरोबर कोण कोण येतो, तेवढें सांगा.