संपर्काचे साधन निवडताना

(बंगळूर येथे भरलेल्या कार्यकर्ता शिबिरात आमच्या शाखेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

'संघटना आणि समाजमाध्यमे' हा विषय आमच्याकडे दिला आहे. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. तंत्रज्ञानातले जाणकार नव्हे. आमच्या शाखेत काय चुकले आणि त्यानंतर आम्ही काय ठरवले, तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या शाखेचा व्हॉट्सअॅपवर एक गट होता. सभासद 243. आम्हाला त्या आकड्याचा अभिमान होता. बेळगावहून बदलीवर आलेले आमचे एक सभासद इथे खोली घेऊन एकटेच राहत. ऐन पावसाळ्यात ते डेंग्यूने आजारी पडले. रुग्णालयातून त्यांनी गटावर दोन ओळी टाकल्या, 'अॅडमिट आहे. आईची तब्येत बरी नाही, त्यामुळे घरून कोणी येऊ शकत नाही.' त्याखाली भराभर हात जोडलेली चित्रे उमटली. मग कोणाच्या निवृत्तीच्या शुभेच्छा आल्या, महागाई भत्त्याचे परिपत्रक आले, एक विनोद आला, आणि त्या दोन ओळी वर निघून गेल्या. बारा दिवसांनी ते कामावर आले. आम्ही विचारपूस केली, तेव्हा एवढेच म्हणाले, "अण्णा, हात जोडलेली चित्रं एकसष्ट आली. माणूस एक बी आला नाही." आणि खिशातून त्या महिन्याची वर्गणी काढून दिली. त्यांनी भांडण केले असते तर आम्हाला कमी लागले असते.

साथींनो, हे ज्या शहरात घडले त्या शहराचा इतिहास आपण जाणता. 1980-81 साली इथल्या सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांनी 77 दिवसांचा संप केला. एचएएल, बीईएल, एचएमटी, आयटीआय, बीईएमएल अशा उद्योगांतले हजारो कामगार त्यात उतरले. आयटीआयच्या कारखान्यात देशाचे टेलिफोन तयार होत, पण ते तयार करणाऱ्या बहुतेकांच्या घरी फोन नव्हता. द्वारसभा, पत्रके आणि वस्तीतल्या ओळखी एवढ्या भांडवलावर माणसे अडीच महिने एकत्र राहिली. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि आमचा आजारी साथी शहरात एकटा पडून होता.

म्हणून जुने दिवस परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. साधन हवेच. पण साधन काय करू शकते हे याच शहराने दोनदा पाहिले आहे. ऑगस्ट 2012 मध्ये एसएमएसवरून अफवा पसरल्या आणि ईशान्य भारतातले हजारो श्रमिक व विद्यार्थी घाबरून रेल्वेने गुवाहाटीकडे निघून गेले. सरकारला एका वेळी पाचाहून अधिक एसएमएस पाठवण्यावर काही दिवस बंदी घालावी लागली. शेजारी कामाला असलेल्या माणसाने दार ठोठावून 'आम्ही आहोत' म्हटले असते, तर कितीतरी जण थांबले असते. एप्रिल 2016 मध्ये भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर आलेल्या निर्बंधाविरुद्ध तयार कपड्यांच्या कारखान्यांतल्या हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिली नव्हती. दोन दिवसांत केंद्र सरकारला माघार घ्यावी लागली. पण दुसऱ्या दिवशी बसेस पेटल्या आणि लाठीमारही झाला. बातमी वेगाने पोचली. मात्र जमावाला सांभाळणारी संघटना त्या वेगाने उभी राहत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण याहून भीषण आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा फोनवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे धाडता येणार नाही, अशी मर्यादा घातली. माणसे मेल्यावर ही मर्यादा आली, हे आपण विसरता कामा नये.

त्या घटनेनंतर आम्ही तीन बैठका घेतल्या. कोणतेही साधन स्वीकारण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न त्यातून निघाले.

पहिला प्रश्न : हे कोणाच्या मालकीचे, आणि त्याचे पोट कशावर भरते? व्हॉट्सअॅप 2014 मध्ये फेसबुक कंपनीने विकत घेतले. सिग्नल ना-नफा संस्था चालवते आणि देणग्यांवर चालते. जे फुकट मिळते त्याचा खर्च कोणी तरी भरतोच. तो जाहिरातदार भरत असेल, तर माध्यमाला आपला जास्तीत जास्त वेळ हवा असतो.

दुसरा : आपल्यापुढे आधी काय येते? फेसबुकने 2017 पासून काही काळ रागाच्या चिन्हाला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते, हे 2021 मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून उघड झाले. म्हणजे संतापजनक मजकूर वर, आणि 'अॅडमिट आहे' खाली. जिथे लिहिलेले त्याच क्रमाने दिसते, तिथे निदान हा अन्याय होत नाही.

तिसरा : कोणाला काय दिसते? व्हॉट्सअॅपच्या साध्या गटात प्रत्येकाचा फोन नंबर सर्वांना दिसतो. आमच्या भगिनी सभासदांपैकी काहींना अवेळी संदेश येत होते, हे आम्हाला बैठकीतच कळले. त्या गप्प का राहत, याचा उलगडा झाला. सिग्नलवर 2024 पासून नंबर झाकून ठेवता येतो. टेलिग्रामचे मोठे गट सोयीचे वाटतात, पण त्यांतला मजकूर टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतो.

चौथा : शेवटच्या सभासदाला ते वापरता येते का? आमच्या सफाई कर्मचारी साथींपैकी काहींकडे साधा बटणांचा फोन आहे. त्यांना वगळून घेतलेला निर्णय आपण संघटनेचा निर्णय म्हणणार का?

पाचवा : उद्या ते बंद पडले तर? याचे उत्तर द्यायला 'कू'चे उदाहरण पुरे आहे. याच बंगळूरात 2020 साली ते सुरू झाले. मातृभाषेत लिहा, असे त्याचे आवाहन होते. मंत्री आले, नामवंत आले, गुंतवणूक आली. जुलै 2024 मध्ये ते बंद झाले. ज्यांनी आपली सगळी ओळख तिथे मांडली होती, त्यांच्या हाती काय उरले?

या पाच कसोट्यांना पूर्ण उतरणारे एकही साधन आम्हाला सापडले नाही. म्हणून आम्ही कामाची विभागणी केली. व्हॉट्सअॅप सर्वांकडे आहे, तेव्हा तिथे फक्त सूचना. त्या गटात पदाधिकाऱ्यांखेरीज कोणी लिहीत नाही. चर्चेसाठी सिग्नलवर दहा-बारा जणांचे छोटे गट, तेही एकाच भागात काम करणाऱ्यांचे. प्रत्येक गटाला एक संपर्क कार्यकर्ता. आजारपण, बदली, आरोपपत्र किंवा घरातले संकट असा निरोप आला, की चित्र न टाकता त्याच दिवशी फोन करायचा आणि दोन दिवसांत कोणी तरी जाऊन भेटायचे. साधा फोन असणाऱ्यांना निरोप तोंडी पोचवण्याची जबाबदारीही त्याचीच. सभासदांची नोंदवही कागदावर ठेवली आहे, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चहाला एकत्र बसायचे, हेही ठरले आहे.

सगळे सुरळीत झाले असे सांगून आम्ही आपली दिशाभूल करणार नाही. जुन्या गटात विनोद बंद झाले म्हणून काही साथी रागावले. दोन छोटे गट थंड पडले आहेत, कारण तिथले संपर्क कार्यकर्ते आधीच कामाच्या ओझ्याखाली आहेत. एकदा छोट्या गटातल्या चर्चेचा स्क्रीनशॉट वरिष्ठांपर्यंत पोचला. कुलूप कितीही भक्कम असो, किल्ली आपल्यातल्याच कोणाकडे तरी असते. त्या दिवशी आम्ही अॅप बदलले नाही. त्या गटाची बैठक घेतली. कोणी केले ते उघड झाले नाही. पण का केले असेल, यावर मोकळेपणाने बोलणे झाले. ते बोलणे फोनवर कधीच झाले नसते.

मार्चमध्ये एका भगिनीच्या पतीचे निधन झाले. निरोप सकाळी साडेनऊला आला. अकरा वाजता आमचे चार साथी तिच्या दारात होते. त्यात बेळगावचे ते सभासदही होते. आज ते त्या गटाचे संपर्क कार्यकर्ते आहेत.

साथींनो, आपण आपापल्या शाखेत परत गेल्यावर कोणते साधन वापरायचे ते आपले आपण ठरवा. फक्त ठरवताना एक हिशेब मांडा. गेल्या वर्षभरात गटावर किती संदेश आले तो आकडा नको. किती सभासदांच्या घरी आपण गेलो, तो आकडा काढा. आमचा पहिला आकडा काढला तेव्हा तो शून्य होता. तो आम्ही नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

एवढे बोलून आमचे चार शब्द संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!