दुसरा फुगा



फुप्फुसांचा तो प्रयोग आठवतोय? काचेची हंडी, आत दोन फाट्यांची नळी, टोकांना दोन फुगे. खालचा रबरी पडदा ओढला की फुगे फुगायचे. एकदा एकच फुगला. आम्ही हसलो. सर म्हणाले, "हसू नका. दुसरा का नाही फुगला, ते शोधा."

तो प्रश्न गेल्या वर्षी मला सांगलीत पुन्हा भेटला. जिथं इंजिनिअरिंग केलं, त्याच गावात आईचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन होतं. त्यात पोटात वायू भरतात. त्यानं श्वासपटल वर सरकतं आणि श्वासासाठी घातलेली नळी कधीकधी खोल जाते, बहुधा उजव्या शाखेत, कारण ती रुंद आणि सरळ असते. मग डाव्या फुप्फुसाला हवाच मिळत नाही.

आईचं तेच झालं. ऑक्सिजन घसरू लागला. मॉनिटर आकडा दाखवतो, कारण दाखवत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे रोजचंच. स्टेथोस्कोपही फसवतो, एका बाजूचा आवाज दुसरीकडे ऐकू येतो. भूलतज्ज्ञ मॅडमनी सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवला. उजवीकडे फुप्फुसाची कड श्वासाबरोबर सरकत होती. डावीकडे ती फक्त हृदयाच्या ठोक्यांनी थरथरत होती. नळी जराशी मागे घेतली आणि डावी बाजूही सरकू लागली. हे सगळं मॅडमनी नंतर मला कागदावर काढून समजावलं.

हवेतून सोनोग्राफीला आरपार दिसत नाही, म्हणून फुप्फुसासाठी ती निरुपयोगी समजली जायची. फ्रान्सचे डॉ. डॅनियल लिक्टेनस्टाईन यांनी मात्र खाटेपाशीच फुप्फुस तपासण्याची पद्धत बसवली. त्यांचा 'ब्लू प्रोटोकॉल' २००८ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की दुसरंही आठवतं. याच यंत्रानं मुली पोटातच हेरल्या गेल्या. १९९४ चा कायदा त्यासाठीच आला, आणि आपल्या साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी चोरून चालणारं गर्भलिंगनिदान उघडं पाडलं. म्हणून आज प्रत्येक यंत्राची नोंद असते, ते कुठंही नेता येत नाही. डॉक्टरांना जाच वाटतो, पण तो जाच आपणच ओढवून घेतलाय. यंत्र तेच. बघणारा काय शोधतो, त्यावर सगळं.

सर, दुसरा फुगा का फुगत नाही, हे त्या दिवशी कुणीतरी वेळेत शोधलं. आई ठणठणीत आहे. तुमच्यासाठी तिनं कंदी पेढे पाठवलेत.