न दिलेला खलिता
(निरगुडसर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या आंबेगाव-जुन्नर भागात बांधावरून दोन भाऊबंदांचे वाजले की तिसऱ्याला बोलावतात. तो दोन्हीकडची बोलणी खातो. शिवाय एकाचा शब्द दुसऱ्याकडे केव्हा न्यायचा आणि केव्हा पोटात ठेवायचा, हे त्याला कळावे लागते. देशादेशांतही असेच चालते. म्हणून आज ग्रीस आणि तुर्कस्तान या दोन शेजाऱ्यांची हकीकत सांगतो.

मे १९१९ मध्ये ग्रीक फौज इझमीरला उतरली. ती धाडणारे ग्रीसचे पंतप्रधान वेनिझेलोस. सप्टेंबर १९२२ मध्ये मुस्तफा कमाल यांच्या सैन्याने इझमीर परत घेतले आणि ते सामुद्रधुनीकडे वळले. तेथे चनाकला ब्रिटिश शिपाई उभे होते. मध्ये फक्त काटेरी तार! २९ सप्टेंबरला लंडनहून सेनापती हॅरिंग्टन यांना हुकूम सुटला : मागे हटा, नाही तर तोफा डागू, असा निर्वाणीचा खलिता तुर्कांना द्या. हॅरिंग्टन यांनी तो दिलाच नाही. त्याच सुमारास फ्रान्सचे फ्रँकलिन-बुइयाँ इझमीरला कमाल यांना भेटले आणि त्यांनी बोलणीचा मार्ग मोकळा केला. हुकूम हातात असताना थांबणे, हे मला तर लढण्याहून अवघड वाटते.

३ ऑक्टोबरला मुदान्या बंदरात बैठक बसली. एकीकडे इस्मत पाशा, समोर ब्रिटिश, फ्रेंच व इटालियन सेनापती. ग्रीक प्रतिनिधी आले खरे, पण जहाजावरच बसून राहिले. रुसलेला पक्ष ओट्याखाली थांबतो, तसेच हे! ११ ऑक्टोबरला युद्धतहकुबी झाली. मागाहून ग्रीसनेही ती मानली, आणि पूर्व थ्रेस लढाईवाचून तुर्कांकडे आला.

हिंदी मुसलमानही या प्रकरणात गप्प नव्हते. येरवड्याचा राजवाडा बांधणारे आगाखान आणि मुंबईचे शेठ छोटानी १९२१ साली तुर्कस्तानची बाजू मांडण्यास लंडनला गेले होते. मार्च १९२२ मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांची तुर्कांशी न्यायाने वागा असे सांगणारी तार भारतमंत्री माँटेग्यू यांनी प्रसिद्ध केली, आणि त्यापायी त्यांचे मंत्रिपद गेले.

पुढे लोझानची परिषद मध्येच मोडली, पुन्हा भरली, आणि २४ जुलै १९२३ रोजी तह झाला. पण त्याआधीच, ३० जानेवारीला, लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला होता. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसकडे आणि साडेतीन लाखांवर मुसलमान तुर्कस्तानकडे गेले. कसोटी धर्माची होती, भाषेची नव्हे. क्रेट बेटावरचे मुसलमान घरात ग्रीक बोलत. अनातोलियातील कित्येक ख्रिस्ती फक्त तुर्की जाणत. दोघांनाही ‘आपल्या’ देशात शेजाऱ्याची बोली समजेना. आपण घरीदारी मराठी बोलणारी माणसे. त्या मायबापांची अवस्था आपल्याला सांगावी लागू नये. तलवार थांबली, पण त्याचे मोल मुलाबाळांनी आणि म्हाताऱ्यांनी भरले. मध्यस्थांची वाहवा करताना हे मी विसरू शकत नाही.

सात वर्षांनी, ऑक्टोबर १९३० मध्ये, तेच वेनिझेलोस अंकाराला पाहुणे म्हणून गेले आणि मैत्रीचा करार झाला. १९३४ साली त्यांनी नोबेल शांतता पारितोषिकासाठी नाव सुचवले, ते मुस्तफा कमाल यांचे.